चार बाय साडेसहाचं बाथरूम: ठाण्यातल्या एका जुन्या घराच्या कामाच्या नोंदी

८ नोव्हेंबर. पाहणी

ठिकाण नौपाडा, ठाणे. इमारत १९८७ ची, तळमजला अधिक चार मजले, लिफ्ट नाही. घर तिसऱ्या मजल्यावर. संडास आणि न्हाणी एकत्र. राहणारी माणसं चार, त्यात एक आजी सत्तरीपुढच्या. मागण्या तीन: भारतीय भांड्याऐवजी कमोड, आंघोळ झाल्यावरही पाय ठेवायला कोरडी जागा आणि खालच्या घरातली गळती कायमची बंद.

टाइल ते टाइल माप ११३५ × १८९५ मिमी, उंची स्लॅबपर्यंत २७०० मिमी. खिडकीकडच्या टोकाला ओट्यावर भांडं, दारातच आंघोळीची जागा. म्हणजे संडासला जायचं तर ओल्यातूनच. दार ६८५ मिमीचं, आत उघडणारं. कोपऱ्यात २०० लिटरचं पिंप. त्याचा व्यास जवळपास ५८० मिमी. गच्चीवरची टाकी मोठी झाल्यापासून पाणी दिवसभर असतं, त्यामुळे पिंप हलवायला घरच्यांची हरकत नाही.

दाराच्या चौकटीजवळ टाइलची एक कड उडालेली आहे. तिथे दोन थर स्पष्ट दिसतात: आत मूळची सहा इंची पांढरी टाइल, तिच्यावरच चिकटवलेली नंतरची आठ बाय बाराची. ड्रिल मारून जाडी घेतली तर विटेपर्यंत ५५ मिमी. दोन समोरासमोरच्या भिंती धरल्या तर ११० मिमी जागा नुसत्या थरांनी खाल्लेली. लहान बाथरूममध्ये जागा शोधायची ती आधी इथे. म्हणूनच आज कमोड, बेसिन, काच काहीही बुक करायचं नाही. भिंती विटेपर्यंत उघड्या झाल्यावर जे माप येईल, त्यावरच खरेदी.

खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या परवानगीने त्यांचं छत पाहिलं. खिडकीकडच्या कोपऱ्यात पिवळट डाग, गिलावा फुगलेला. गळती कुठली हे तोडण्याआधीच ठरवता येतं. चोवीस तास सारखं ठिबकत असेल तर नळाची लाइन, कारण तिच्यात दाब कायम असतो. वापरानंतर काही वेळाने ओल वाढत असेल तर ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारा पाईपचा वाक) किंवा सांडपाण्याचा सांधा. फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत. इथे वर आंघोळ झाली की अर्ध्या तासाने थेंब धरतो, काकूंनी हे नेमकं सांगितलं. संशय नहाणी ट्रॅपवर, म्हणजे लादीतल्या जाळीखालच्या ट्रॅपवर.

१२ नोव्हेंबर. आराखडा

लांबीच्या दिशेने क्रम उलटा केला. दारातून आत आलं की बेसिन, मग कमोड, शेवटी खिडकीखाली आंघोळ. ओलं सगळं टोकाला जातं आणि खिडकी-एग्झॉस्ट तिथेच असल्याने वाफही तिथूनच निघते. विटेपासून नवा गिलावा १२, चिकटवण ४ ते ५ आणि टाइल ८ मिमी असे प्रत्येक बाजूला २५ मिमी धरले, तर लांबी १९५५ च्या आसपास यावी. त्यातले आंघोळीला ८००, कमोडला ७५० (मध्यापासून दोन्ही बाजूंना ३७५) आणि बेसिनला ४०५.

भिंतीला टांगलेला कमोड घ्यायचा घरच्यांचा विचार होता. खाली लादी मोकळी राहते, पुसायला सोपं, हे खरं. पण त्याने जागा वाचते हा समज तपासून घ्यायला हवा. दडवलेल्या टाकीची लोखंडी फ्रेम साडेचार इंची भिंतीत बसत नाही, भिंतीच्या पुढे उभी करावी लागते. तिच्यावर बोर्ड-टाइल धरून १५० मिमीचा कट्टा होतो. त्याच्यापुढे भांडं ५२० ते ५४०. एकूण ६७० ते ६९०. उलट, टाकी जोडलेला आखूड कमोड ६५० मध्ये संपतो. शिवाय फ्रेमचे पाय पक्क्या काँक्रीटमध्ये हवेत, इथे खाली सगळा भराव. नऊ इंची भिंत कमोडच्या मागे असती आणि मोजमाप जुळलं असतं तर निर्णय वेगळा झाला असता. इथे लादीवर बसणारा, ६५० मिमीचा, एस ट्रॅपचा (खाली लादीत तोंड असलेला) कमोड ठरला. समोर रुंदीच्या ११९५ मधून ६५० वजा जाता ५४५ मिमी उरतात. गुडघ्यांना पुरतात, त्याहून कमी नकोत.

दार बाहेर उघडायचं. आतल्या दाराचा फेरा पाव वर्तुळाचा, म्हणजे जवळपास ०.३७ चौ.मी. एकूण लादी २.३४ चौ.मी. आहे. सहावा हिस्सा नुसता दार फिरण्यासाठी राखून ठेवायचा, हे या आकाराला परवडणारं नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: आत कोणी चक्कर येऊन पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडतं आणि बाहेरच्यांना ढकलता येत नाही. घरात वयस्कर माणूस असेल तिथे दार बाहेर उघडावं किंवा सरकतं असावं, असा आमचा आग्रह असतो. पॅसेज ९०० रुंद आहे, पल्ला समोरच्या भिंतीला लागत नाही.

बेसिन ४०० × ३००, भिंतीचं. आंघोळ आणि कमोड यांच्यामध्ये ६०० मिमी रुंदीची, ८ मिमी जाडीची एकच स्थिर काच, दार नाही.

गीझर: तीन लिटरचा इन्स्टंट छोटा असतो म्हणून बरेच जण तो सुचवतात. पण ३ किलोवॉटचा गीझर पाण्याचं तापमान २५ अंशांनी वाढवताना मिनिटाला पावणेदोन लिटरच देतो. वीस लिटरची बादली भरायला बारा मिनिटं लागतात. बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात हे चालत नाही. १५ लिटरच्या टाकीत ६० अंशांचं पाणी असेल, तर ते साध्या पाण्यात मिसळून ४० अंशांचं साधारण ३५ लिटर होतं, म्हणजे पावणेदोन बादल्या. म्हणून १५ लिटर, २ किलोवॉट, आडवा, दाराच्या वर. डोक्याला लागत नाही आणि भिंतीची एक इंचही जागा घेत नाही. पाईप गॅस घरात आहे म्हणून गॅस गीझरचा विषय निघाला. बाथरूमच्या आत गॅस गीझर आम्ही बसवत नाही. बंद जागेत ज्वलन अर्धवट झालं की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि माणूस हाक मारायच्या आतच शुद्ध हरपते. खिडकी आहे, पंखा आहे, तरीही नाही.

१७ नोव्हेंबर

सोसायटीचं परवानगीपत्र मिळालं. कामाच्या वेळा सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, दुपारी दोन ते चार हातोडा बंद. जिन्याच्या कडांना गोणपाट बांधलं. खालच्या काकूंच्या छताचे, भिंतींचे फोटो तारखेसह काढून त्यांनाही पाठवले.

१८–२० नोव्हेंबर. तोडकाम

मोठा ब्रेकर वापरलेला नाही. साडेचार इंची भिंतीला त्याचा हादरा पलीकडच्या स्वयंपाकघरातल्या टाइल सोडवतो. भिंतींना पाच किलो वजनाचं चिपिंग मशीन, लादीच्या शेवटच्या थराला हातोडा-छिन्नी. स्लॅबच्या वर शेवटचे दोन इंच मशीनने तोडायचे नाहीत, सळईवरचं काँक्रीट फुटतं.

भराव पूर्ण काढला. पॅसेजच्या लादीपासून स्लॅबच्या पृष्ठापर्यंत ३१० मिमी, म्हणजे फूटभर खोल सिंक (बाथरूमपुरता खाली घेतलेला स्लॅब). त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा, खालचा निम्मा भाग चिखलासारखा ओला. डाग होता त्याच कोपऱ्यात बिडाचा ट्रॅप, त्याचा शिशाचा सांधा उघडा पडलेला. नळाचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप कोब्यातून नेलेला, आतून गंजाने इतका भरलेला की अर्ध्या इंचातून पेन्सिलही जात नाही. या घरातलं शॉवरचं पाणी 'प्रेशर नाही' म्हणून बंद होतं. निम्मं कारण हे.

नुसती वरची टाइल बदलून वॉटरप्रूफिंगचा हात मारला असता, तर हा ओला कोबा तसाच आत राहिला असता आणि खालचं छत ठिबकतच राहिलं असतं. जुन्या सिंकच्या बाथरूममध्ये भराव न काढता केलेलं काम म्हणजे पैसे दोनदा घालवणं.

विटेपासून विटेपर्यंत माप: १२४५ × २००५. धरलेल्या हिशोबाला जुळतं. आज कमोड, बेसिन, मिक्सर यांची ऑर्डर दिली. काच नाही, ती टाइल झाल्यावर.

डेब्रिज साधारण अडीच टन, पंचवीस-तीस किलोच्या शंभरेक गोण्या, जिन्याने खाली. गोणी अर्धीच भरायची, भरगच्च गोणी जिन्यात फाटते. बांधकाम-राडारोडा नियमांप्रमाणे हा माल ओल्या-सुक्या कचऱ्यात किंवा रस्त्याकडेला टाकता येत नाही. गाडीवाल्याला हे आधी लिहून दिलं.

२१ नोव्हेंबर. स्लॅब, भिंती

स्लॅब तारेच्या ब्रशने घासून धुतला. ट्रॅपच्या कोपऱ्यात हातभर भाग भुसभुशीत, दोन सळया उघड्या. सुटं काँक्रीट टणक लागेपर्यंत काढलं, सळयांचा गंज घासून त्यावर गंजरोधक, मग बाँडिंग कोट ओला असतानाच पॉलिमर मिसळलेला १:३ चा (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) मसाला भरला.

लांबीची एक भिंत वरच्या अंगाला १४ मिमी आत झुकलेली, ओळंब्यात दिसली. सगळी चूक गिलाव्याने भरली तर खाली २६ मिमीचा थर होतो आणि वाचवलेली जागा परत जाते. त्यापेक्षा वरच्या पुढे आलेल्या विटांची तोंडं ८ ते १० मिमी तासली. आता गिलावा १२ ते १७ मध्ये बसेल.

२२–२३ नोव्हेंबर. भिंतीतून जाणारे पाईप आणि पहिला वॉटरप्रूफ थर

बाहेर दोन वेगळे उभे पाईप आहेत, एक मैल्याचा, एक सांडपाण्याचा. सांडपाण्याचा खाली गली ट्रॅपमध्ये (जमिनीलगतच्या सांडपाण्याच्या ट्रॅपमध्ये) उघडतो. कमोडची लाइन सोयीसाठी त्यात जोडायची नाही, कितीही जवळ असली तरी. नाहीतर गली ट्रॅप तुंबून तळमजल्यावर मैला वर येतो.

११० आणि ७५ मिमीचे एसडब्ल्यूआर (सांडपाण्यासाठीचे पीव्हीसी) पाईप बाहेरच्या भिंतीच्या जुन्या भोकांतूनच काढले. नवीन भोक पाडायचं नाही, तुळई तर अजिबात कापायची नाही. भोकातली पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. याशिवाय सिंकच्या तळाशी, स्लॅबला टेकून, २५ मिमीचा एक पाईप बाहेर काढला. उद्या कुठून पाणी शिरलंच तर ते खालच्या छतात न मुरता इथून बाहेर ठिबकेल आणि सगळ्यांना दिसेल. या पाईपला खर्च जवळजवळ काही नाही, पण नंतर तो बसवता येत नाही.

स्लॅब आणि भिंत यांच्या कोपऱ्यात सगळीकडे ५० मिमीचा वाटा, म्हणजे मसाल्याची गोलाई, घेतला. काटकोनातला लेप आधी फाटतो तो याच रेषेवर. कोपऱ्यांना आणि पाईपांभोवती फायबरची जाळी, त्यावर पॉलिमर-सिमेंटच्या लेपाचे दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. सिंकच्या भिंती लादीच्या वर ३०० मिमीपर्यंत.

२५–२८ नोव्हेंबर. पाणी भरून चाचणी

बाहेर जाणाऱ्या तिन्ही पाईपांची तोंडं बंद. १०० मिमी पाणी भरलं, पातळीवर पेन्सिलची रेघ. शेजारी तेवढ्याच पाण्याची उघडी बादली ठेवली. बाष्पीभवनाने पाणी थोडं उतरतंच, त्यामुळे नुसती रेघ पाहून वाद होतात. बादलीतलं जितकं उतरलं तितकंच सिंकमधलं उतरलं, म्हणजे ठीक. बहात्तर तासांनी खालचं छत पाहिलं: जुना डाग तेवढाच, नवीन ओल नाही. पाणी सोडल्यावर लेपावर १५ मिमीचा संरक्षक मसाला, १:४.

२९ नोव्हेंबर. ड्रेनेज

कमोडच्या मध्यापासून बाहेरच्या भिंतीच्या आतल्या तोंडापर्यंत ११७५ मिमी, त्यात भिंत २३०. एकूण १४०५, उतार १:४०, म्हणजे ३५ मिमी. पाईप दर ४०० मिमीवर विटेच्या टेकूवर. नुसत्या भरावावर ठेवला तर भराव बसला की मधे पोट पडतं आणि तिथेच मैला अडकतो.

एस ट्रॅपचं अंतर २२० मिमी. हे टाइलच्या तोंडापासून मोजायचं असतं, विटेपासून नव्हे. म्हणून विटेपासून २४५ वर पाईपचा मध्य घेतला. इथे २५ मिमी चुकले की टाकी भिंतीला लागते किंवा मागे बोटभर फट राहते, आणि तोवर लादी झालेली असते.

आंघोळीच्या टोकाला, खिडकीच्या भिंतीला लागून ६०० मिमीची लांब जाळी. तिचा फायदा असा की उतार एकाच दिशेने द्यावा लागतो. चार बाजूंनी मधे उतार दिला की लहान जागेत टाइल तिरक्या कापाव्या लागतात आणि बादली डगमगते. पण बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच लांब जाळ्यांच्या पोटात असलेल्या ट्रॅपमध्ये पाणी जेमतेम बोटाच्या पेरभर साठतं. चार दिवस घर बंद राहिलं की ते सुकतं, मग वास आणि झुरळं. म्हणून जाळीखाली नेहमीचाच खोल नहाणी ट्रॅप, ५० मिमी पाण्याच्या सीलचा. बेसिनचा ४० मिमीचा पाईप त्याच ट्रॅपच्या बाजूच्या तोंडात सोडला. हात धुतला की सील आपोआप भरत राहतं.

३० नोव्हेंबर – १ डिसेंबर. नळाची लाइन

सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाईप), मुख्य पाऊण इंच, फाटे अर्धा इंच. गरम-गार दोन्ही. लाइन लादीतून नाही, भिंतीतून, कमरेच्या उंचीवर.

घरच्यांना कन्सील्ड डायव्हर्टर, म्हणजे भिंतीत दडवलेला गरम-गार मिक्सर, हवा होता. ११५ मिमीच्या भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत, म्हणजे ३८ मिमी, आणि आडवी एक षष्ठांशापर्यंत, म्हणजे १९ मिमी घ्यावी. डायव्हर्टरच्या पितळी अंगाला टाइलच्या तोंडापासून साठ-सत्तर मिमी खोली लागते. तो बसवायचा तर वीट आरपार जाते, पलीकडे स्वयंपाकघराची टाइल. म्हणून उघडा वॉल मिक्सर घेतला, दोन तोंडांत १५० मिमी. बिघडला तर पाना लावून काढता येतो, टाइल फोडावी लागत नाही. आडव्या झिऱ्या टाळण्यासाठी लाइन कोपऱ्यातून उभी वर नेऊन फाटे उभेच उतरवले. कोपऱ्यापर्यंतचा जो थोडा आडवा भाग आला, तो बाहेरच्या नऊ इंची भिंतीत घेतला.

मिक्सरची उंची ७५० मिमी. कंपन्यांच्या चित्रांत तो मीटरभर उंच असतो, कारण चित्रात बादली नसते. आपल्याकडे बादली-तांब्या असतोच. मीटरवरून पडणारं पाणी बादलीबाहेर उडतं. ७५० वर बादली भरते आणि उभं राहूनही हात पोचतो.

शॉवरचा हिशोब: टाकीचा तळ या घराच्या लादीपासून ७.३ मीटर वर, शॉवर २ मीटरवर. उरले ५.३ मीटर, दाब चौ. सेंमीला साधारण अर्धा किलो. आठ इंची पावसाचा शॉवर यावर नुसता ठिबकतो. चार इंची साधा शॉवर आणि त्याच्या जोडीला हँड शॉवर.

चाचणी पंपाने ७ किलोचा दाब देऊन चार तास ठेवला. काटा हलला नाही. सोल्व्हंटचा सांधा करून चोवीस तास झाल्यावरच हा दाब द्यायचा. गिलाव्याआधी सगळ्या भिंतींचे फोटो, मोजपट्टी लावून.

२ डिसेंबर. वीज

गीझरला डीबीपासून (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीपासून) थेट ४ चौ.मिमी तांब्याची तार, स्वतंत्र २० अँपिअर एमसीबी, बटण बाहेर. घरात आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नव्हता, ३० मिलिअँपिअरचा बसवून घेतला. हा खर्च 'नंतर बघू' म्हणून आम्ही सोडू देत नाही. ओल्या माणसाला विजेपासून वाचवणारं उपकरण हेच आहे. अर्थिंग मोजलं, ठीक आहे.

३–६ डिसेंबर. गिलावा, भराव

गिलावा १:४, गुण्यात (काटकोनात) आणि ओळंब्यात. ३ तारखेला झाला, सात दिवस दोन वेळा पाणी.

भरावाला विटांचा कोबा परत घातलेला नाही. तेवढा कोबा ओला धरून हजार-अकराशे किलोच्या घरात जातो. हलक्या ब्लॉकचे तुकडे मसाल्यात बसवले तर वजन निम्म्याहून कमी. स्लॅब पस्तिशी ओलांडलेला, त्यावरचा भार कमी झालेला बरा. वर ५० मिमी काँक्रीट, त्यातच उतार: दारापासून काचेपर्यंत ११५५ मिमीला १:१००, म्हणजे १२ मिमी. काचेपासून जाळीपर्यंत ८०० ला १:६०, म्हणजे १३ मिमी. दारात लादी पॅसेजपेक्षा १५ मिमी खाली, जाळीपाशी ४० मिमी. उंबरा ग्रॅनाइटचा, जेमतेम २० मिमी वर. आजींच्या पायाला अडणार नाही आणि पाणीही बाहेर येणार नाही.

१०–१३ डिसेंबर. दुसरा वॉटरप्रूफ थर

लादी पूर्ण, सगळ्या भिंतींना ३०० मिमी, आंघोळीच्या तिन्ही भिंतींना २१०० पर्यंत. दुसरा हात ओला असताना त्यावर जाडी रेती भुरभुरली, नाहीतर गुळगुळीत लेपाला टाइलचं चिकटवण धरत नाही. दारात तात्पुरता बांध घालून पुन्हा अठ्ठेचाळीस तास पाणी. खाली कोरडं.

१५–१७ डिसेंबर. टाइल

भिंतीला ३०० × ६००, आडवी. २१०० उंचीला बरोबर सात थर. क्षेत्रफळाने हिशोब केला तर ६६ टाइल येतात, पण मांडणी करून पाहिलं की आकडा बदलतो. १९५५ लांबीत मधोमध दोन अख्ख्या आणि दोन्ही टोकांना ३७७ चे तुकडे असं सममित बसवलं, तर प्रत्येक तुकड्याला एक टाइल जाते. दोन लांब भिंतींना ५६. त्याऐवजी खिडकीकडून तीन अख्ख्या आणि शेवटी १५५ ची पट्टी घेतली, तर एका टाइलमधून तीन पट्ट्या निघतात. लांब भिंतींना ४७. पट्टी दाराच्या कोपऱ्यात येते, आत शिरताना ती पाठीमागे राहते. हेच केलं. खिडकीच्या भिंतीला १४, दाराला लागून उरलेल्या ४९५ मिमीला ७. एकूण ६८, तूट धरून पाच-पाचच्या पंधरा पेट्या.

लादीला ३०० × ३००, खरबरीत, ३० नग. चिकटवण आयएस १५४७७ च्या टाइप २ चं, दातेरी थापीने. टाइलच्या मागेही पातळ हात. गवंड्यांची जुनी सवय टाइलच्या मागे मधोमध मसाल्याचा गोळा ठेवून दाबायची. त्याने कोपरे पोकळ राहतात, त्या पोकळीत पाणी साठतं, आणि जाडी २० मिमीच्या पुढे जाते ती वेगळीच. प्रत्येक टाइल ठोकून आवाज ऐकला. दोन पोकळ निघाल्या, ओल्या असतानाच काढून पुन्हा बसवल्या.

टाइल ते टाइल माप: ११९५ × १९५५. जुन्यापेक्षा दोन्ही दिशांना ६० मिमी जास्त. आज काचेचं माप दिलं, वर-मधे-खाली अशा तीन ठिकाणी घेऊन. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, म्हणूनच इतका वेळ थांबलो.

१९ डिसेंबर

इपॉक्सी ग्राउट, २ मिमी सांधा. थोडं थोडंच कालवायचं, अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतं, आणि टाइलवर राहिलेली साय त्याच दिवशी स्पंजने पुसायची. भिंत-लादीच्या कोपऱ्यात ग्राउट नाही, सिलिकॉन. तिथे हालचाल असते, ग्राउटला तडा जातो.

२२–२३ डिसेंबर. बसवणी

कमोड सिमेंटने बसवलेला नाही. सिमेंटमध्ये गाडलेला कमोड पुढे कधी काढायचा झाला तर तो फोडूनच निघतो. चार स्क्रू, भोकं फक्त ५० मिमी खोल, आधी सिलिकॉन भरून मग स्क्रू. टाइलखालचा दुसरा वॉटरप्रूफ थर ५० मिमीच्या काँक्रीटवरच आहे, त्यामुळे हे सिलिकॉन विसरून चालत नाही. भोवती सिलिकॉनची रेघ, मागच्या बाजूला दोन इंच मोकळे सोडले. सांधा गळला तर पाणी तिथून दिसेल.

जेट स्प्रेला स्वतंत्र अँगल कॉक, वापर झाला की बंद करायचा. नळी सतत दाबाखाली राहिली की फाटते आणि घर बंद असताना फाटली तर पाणी पॅसेजपर्यंत. घरच्यांना हे दाखवून सांगितलं. कमोडच्या बाजूला आजींसाठी ४५० मिमीचा स्टीलचा दांडा.

कोनाडा केलेला नाही. ११५ मिमीच्या भिंतीत तो बसत नाही आणि बाहेरच्या भिंतीला पावसाचा मारा आहे. त्याऐवजी आंघोळीच्या कोपऱ्यात १८ मिमी ग्रॅनाइटच्या दोन त्रिकोणी फळ्या, २३० मिमीच्या, टाइलच्या सांध्यातच अडकवलेल्या, पुढे किंचित उतार.

चौकट ग्रॅनाइटची, पल्ला डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचा). खाली १० मिमी फट ठेवली. एग्झॉस्टला हवा आत यायला वाट लागते, नाहीतर पंखा नुसता फिरतो. कडी आतून, पण बाहेरून नाण्याने फिरवता येणारी.

२७ डिसेंबर

काच बसली. गीझर सुरू केला, थंड पाण्याचं १५ लिटर तापायला अठरा-वीस मिनिटं. बादली ओतून पाहिली: पाणी जाळीकडेच जातं, कमोडच्या बाजूची लादी कोरडी. उरलेल्या सहा टाइल आणि भिंतींतल्या पाईपांचे मापांसह फोटो घरच्यांकडे दिले. पुढे कोणी आरसा किंवा हूक लावायला ड्रिल आणेल, तेव्हा ते आधी पाहायचे.

३१ जानेवारी

खालच्या काकूंकडे जाऊन आलो. डागाच्या कडा वाळून पांढऱ्या झाल्या आहेत, हाताला ओल लागत नाही, तळाचा २५ मिमीचा पाईपही कोरडा. फुगलेला गिलावा खरवडून ठेवला. छत अजून महिनाभर उघडंच वाळू द्यायचं, रंग मार्चमध्ये. घाईने रंग मारला तर आतली जुनी ओल तो पुन्हा उकलवते, आणि मग नवीन गळती म्हणून वरच्या घराला बोल लागतो.